उघाडीत अडकवलेला बांबू

नाशिकहून निघताना बायकोनं विचारलं, "एवढ्या लांब जाऊन सांगणार काय?" म्हटलं, "हिरवळ लावा म्हणून. दुसरं काय!" चौतीस वर्षं नगरपालिकेच्या उद्यान विभागात काढली. लोक मला हिरवळवाले साहेब म्हणायचे आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

बोलावलं होतं साजिदानं, माझ्या हाताखाली बागेचं काम शिकलेल्या मुलीनं. पेणजवळ खाडीच्या काठी मोठं प्रदर्शन मैदान होतंय. शेतीची अवजारं, गणपतीच्या मूर्ती, सगळं तिथं मांडणार. त्यातल्या बागेचा आराखडा साजिदाचा, तिचं पहिलंच मोठं काम. मैदानाच्या समितीला गेटपासून मांडवापर्यंत हिरवळ हवी होती, साजिदाला नको होती. शेवटी ठरलं की तिचे सर, म्हणजे मी, परवाच्या बैठकीत सांगतील तसं. सर हिरवळ म्हणाले, तर काम दुसऱ्याकडे जाणार.

एसटीनं पनवेल आणि तिथून गाडीनं रोहा. साजिदाचं घर कुंडलिका नदीच्या जवळच. तिच्या अम्मीनं तांदळाच्या भाकऱ्या, जिताड्याचं (खाडीतला चवदार मासा) कालवण आणि वर सांदण (तांदळाचा वाफवलेला गोड केक) वाढलं. मी नको नको म्हणत चौथी भाकरी संपवली. "खावा ओ, शरमताय कशाला? आमची पोरगी तुमचंच नाव घेते दिवसभर," अम्मी म्हणाल्या. नजर चुकवून मी सांदण पुढे ओढलं, कारण त्यांच्या पोरीचं काम मोडायलाच मी आलो होतो.

सकाळच्या गाडीनं आम्ही पेणला निघालो. नागोठण्याच्या कंपनीची धुराडी मागे पडली आणि जमीन एकदम सपाट झाली. भात कापून मोकळी झालेली शेतं, खाडीचे फाटे, मधूनच मिठागरांत पांढरे ढीग. पौर्णिमा होती. साजिदा खिडकीतून खाडीकडे बघून म्हणाली, "आज उधाण आहे, सर." मी नुसतं हूं केलं.

मैदान बघितलं आणि पहिल्यांदा कपाळाला हात लावला. खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधावर करंज आणि रानभेंडीची झाडं, ठीक. मधे चोपून बसवलेली माती. आणि बांधाच्या आत, खोलगट पट्ट्यात, चक्क मोरस! मोरस म्हणजे खाऱ्या जमिनीत आपोआप उगवणारी मांसल पानांची भाजी. प्रदर्शनात भाजी? शेजारीच समितीनं नमुन्यादाखल हिरवळीचा तुकडा लावला होता, हिरवागार, अगदी माझ्या हातचा वाटावा असा. मनात म्हटलं, पोरी, हरलीस तू.

साजिदा कामगारांकडे गेली, मी एकटाच बांधावर फिरलो. बांधात एक जुनं लाकडी झडपेचं दार दिसलं, ज्याला इथं उघाडी म्हणतात. दार मिटत आलेलं, आत नाल्यात पाणी तुंबलेलं. देखभाल नाही, दुसरं काय! मी एक बांबू उचलला, दार रेटून उघडं केलं आणि बांबू आडवा ठोकून दिला. हात झटकले आणि पेणच्या बाजारात पोह्याचे पापड घ्यायला गेलो.

दुपारी परत येतो तर नाल्याची खाडी झालेली. मोरस पाण्याखाली, हिरवळ पाण्याखाली. हिराबाई पदर खोचून कमरेएवढ्या पाण्यात बांबू उपसत होत्या. हिराबाई म्हणजे मिठागरात उभा जन्म घालवलेल्या, आता या बांधाच्या राखणदार.

"कोनी घातला गो ह्यो?" त्या साजिदाला ओरडून विचारत होत्या. "ही उघाडी हाय! ओहोटीला आपली उघडते, भरतीला आपली मिटते. तिला हात नाय लावायचा, येवढं लहान पोराला पन म्हाईत हाय!"

माझ्या हातातली पापडाची पिशवी मला जड झाली. साजिदानं माझ्याकडे बघितलं, तिला कळलं. तेवढ्यात समितीचे अध्यक्ष धावत आले. "मॅडम, ही तुमची रचना? मैदानात खाडी आणलीत!" साजिदा म्हणाली, "बैठकीत बोलू, साहेब." माझं नाव तिनं घेतलं नाही. आणि मी, लाज वाटते सांगायला, गप्प राहिलो.

संध्याकाळी ओहोटी लागली. उघाडी आपणहून उघडली आणि सगळं पाणी निमूट बाहेर गेलं. हिराबाई म्हणाल्या, "सकालचं तुंबलेलं पानी पन ओहोटीला गेलंच असतं ओ. जरा दम धरायचा व्हता." मी विचारलं, मोरस लावायचं कोणी सुचवलं? "मीच. हितं खारं वर येतंच. जे खारं खातं तेच लावायचं."

तिसऱ्या दिवशी बैठक मैदानातच भरली. नमुन्याची हिरवळ करपून तांबूस पडली होती. मोरस जणू आंघोळ करून बसली होती, टवटवीत. अध्यक्ष म्हणाले, "सर, आता तुम्हीच सांगा, हिरवळच ना?"

मी उभा राहिलो. "पाणी मी आत घेतलं. उघाडी मी अडवली. मॅडमची काही चूक नाही." कोणीतरी हसलं. "आणि चौतीस वर्षं हिरवळ लावलेला माणूस सांगतोय, इथं हिरवळ लावू नका. ती बघा आणि ही बघा." अध्यक्षांनी दोन्हीकडे बघितलं, मोरसचं एक पान तोडून चावलं आणि म्हणाले, "खारट आहे, पण चालेल."

साजिदानं मंजुरीच्या सहीसाठी आराखडा पसरला. खाली कोपऱ्यात 'मार्गदर्शन' आणि पुढे माझं नाव. मी यायच्या आधीच छापलेलं! माझे डोळे भरून आले. मी पेन मागितलं आणि हिराबाईंना हाक मारली.

"तुमचं पुरं नाव सांगा."

"कशाला ओ, सायेब? पोलिसांत देता का काय?"

त्यांनी सांगितलं, ते मी नीट अक्षरात लिहिलं आणि वरचं माझं नाव खोडलं. साजिदा "सर, अहो सर" म्हणत राहिली.

आता परतीच्या गाडीत हे लिहितोय. पिशवीत पापड आहेत, अम्मीनं बांधून दिलेलं सांदण आहे. घरी बायको विचारेल, काय सांगून आलात? आयुष्यभर किती आराखड्यांवर नाव घातलं त्याची मोजदाद नाही. खोडलं पहिल्यांदाच, आणि तिला सांगण्यासारखं तेवढंच आहे.