विलायती कागदाचा वास

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. भावाजवळ नाही. देवाजवळही नाही — देवाजवळ गेलो ते दुसरंच मागायला, ते पुढे सांगतो. अंजनाजवळ, माझ्या बायकोजवळ, तर नाहीच नाही. ती पोळ्यानंतर गेली. आता घरात मी आणि चार भिंती. अन् मला भिंतींची भीती वाटते.

हसू येईल तुम्हाला. जन्मभर भिंतीच रंगवल्या ज्याने, तो भिंतीला भितो! पण भितो. शाळा चौथीपर्यंत झाली, लिहिणं वाकडंतिकडं होईल. तोंडाने सांगायची छाती नाही, म्हणून लिहितो.

मी हिंगणघाटचा रंगारी. आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. नागपुरात एका मिस्त्रीच्या हाताखाली भिंतीला कागद लावायचं शिकून आलो. वॉलपेपर म्हणतात त्याला. आता पोरंसोरं दुकानातून आणून स्वतः चिकटवतात, तेव्हा आमच्याकडे कोणी पाहिलेला नव्हता. मी गुंडाळी खांद्यावर घेऊन निघालो की पानठेल्यावरचे ओरडायचे, "काय बाप्पा, आज कोणाच्या भिंतीले लुगडं नेसवतं?"

मला बरं वाटायचं. चुना मारणारे गावात पुष्कळ होते. कागद लावणारा मी एकटा.

कागद चिकटवायला मैद्याची खळ लागते. ती अंजना शिजवायची, घरी चुलीवर. तिच्या हातची खळ लोण्यासारखी, एक गाठ नसायची. किडा लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं — तेवढं सगळेच टाकतात. पण एका वकिलाच्या बैठकीत मी कागद लावला आणि पावसाळा सरता सरता उधई, म्हणजे वाळवी, चढली. कसरीने उरलेला कुरतडला. वकिलाने मला पक्षकारांसमोर बोलावलं. म्हणाला, "तू कागद लावला, का किड्याईले जेवण वाढलं?" सगळे हसले. मी मान खाली घालून ओला कागद ओरबाडून काढला.

त्या दिवसापासून मला एकच भीती. पुन्हा असं झालं तर? हा धंदा गेला तर पुन्हा चुन्याची बादली. भीतीने माणूस काय करतो, सांगू? मी साळ्याच्या, अंजनाच्या भावाच्या, वावरात गेलो होतो, तिथे कपाशीवर फवारायचं औषध पडलेलं होतं. अळी जागेवर मरते, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मग उधई काऊन नाही मरणार?

बाटली घेऊन आलो. अंजनाला दाखवली नाही.

पुढचं काम भाऊसाहेबांच्या बंगल्यावर. कापसाचे मोठे व्यापारी. मुलाचं लग्न ठरलेलं, नव्या जोडप्याच्या खोलीला कागद लावायचा. मुंबईहून आणलेला कागद — बदामी रंगावर बांबूची हिरवी पानं. हात फिरवला तर खरी वाटावीत. अंजनाने खळ शिजवून दिली. बंगल्यावर गेलो, दार लावलं आणि खळीत ते औषध ओतलं. किती? वकिलाचं हसणं आठवलं आणि ओतत गेलो.

लावता लावताच माझं डोकं गरगरलं. घाम फुटला, तोंडाला पाणी सुटलं, अंगणात जाऊन ओकलो. म्हणजे — मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, अडाणी माणूस, त्याला काय कळणार. कळलं होतं.

खोलीत वास भरून राहिला होता. भाऊसाहेबांची बायको, मोठ्या बाई, नाकाला पदर लावून म्हणाल्या, "हा कायचा वास रे?"

मी म्हटलं, "बाई, विलायती कागद आहे. त्याचा वास असाच असते."

मग त्या पाहुण्यांना खोली दाखवायच्या तेव्हा कौतुकाने सांगायच्या — घ्या वास, विलायती आहे! लोकही घ्यायचे वास, माना हलवायचे. आणखी एक सांगितलं मी : खिडकी बंद ठेवजा, हवा लागली तर कागद सुटते. वैशाखातली लू, वरून जिनिंगचा कापूस उडतो, कोण खिडकी उघडणार?

सून आली. मंदा. हिंगणघाटात मोटारीतून उतरली तेव्हा धडधाकट होती, मी स्वतः पाहिलं. खळीचा डबा परत आणायला अंजना बंगल्यावर गेली तर त्या नव्या नवरीने तिला पाटावर बसवून स्वतःच्या हाताने चहा दिला. रंगाऱ्याच्या बायकोला! अंजना कितीदा सांगायची ते.

महिना व्हायचा होता, मंदाला उलट्या सुरू झाल्या. मोठ्या बाईंना आनंद झाला. गल्लीभर पेढे वाटले. आमच्या घरीही आला पेढा. अंजनाने अर्धा तोडून माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला — दुसरं काय करणार होतो?

दिवस गेलेच नव्हते. मग घरादाराची मान खाली गेली आणि सगळा राग तिच्यावर. डॉक्टर म्हणाला पित्त. दुसरा म्हणाला मनाचं आहे. तिचं डोकं धरायचं, हातपाय थरथरायचे, डोळ्यांपुढे धुकं यायचं. नवऱ्याला काही होत नव्हतं. तो दिवसभर जिनिंगवर, निजायला गच्चीवर, पावसाळ्यात बैठकीत, बाकी पुरुषांसारखा. ती खोलीत, बंद खिडकीत.

माहेरी धाडली. आठवड्यात ठणठणीत. परत आणली, पुन्हा आडवी. आता तुम्हीच सांगा, आमच्या लोकांनी काय समजावं? जे समजायचं तेच समजले. "माहेरी नाचते अन् सासरी निजते. सोंग हाय सोंग!" मोठ्या बाई ओट्यावर बसून मोठ्याने म्हणायच्या, म्हणजे आत ऐकू जावं.

मी काय करत होतो? भीत होतो. बंगल्यावरचा गडी आमच्या गल्लीत दिसला की मी मागच्या दाराने निघून जायचो. वाटायचं, मेली असेल. पोलीस येतील, कागद खरवडतील, खळ तपासतील. गिरडच्या टेकडीवर गेलो, दर्ग्यात डोकं टेकलं. तुम्हाला वाटेल, पोरीच्या जिवासाठी गेला. नाही. कोणाला कळू नये, एवढंच मागितलं मी.

एकदा मात्र सांगायला निघालो होतो. फाटकापर्यंत गेलो. मोठ्या बाई समोरच उभ्या, म्हणाल्या, "बरं झालं आला. आमच्या लेकीकडचे व्याही कागद पाहून गेले, त्याईले बी असाच पायजे." मी म्हटलं, हो बाई, लावून देतो. लावून दिला. त्या खळीत फक्त मोरचूद टाकलं. एवढी अक्कल होती मला.

मंदाची फारकत झाली. दोन वर्षं लागली असतील. भाऊसाहेबांनी मुलाचं दुसरं ठरवलं. नवी मुलगी म्हणाली, पहिलीच्या खोलीतला कागद मला नको. मला बोलावणं आलं. मी तोंडाला ओलं फडकं बांधून सगळा कागद काढला, भिंत घासली, धुतली, चुना मारला. अंजना मदतीला आली, तिला दारातूनच हाकललं. कागद गावाबाहेर खदानीत पुरला. खिडक्या उघड्या टाकायला सांगितल्या. मनात म्हटलं, चला, ही तरी वाचली.

वाचलीच. तब्येतीने चांगली राहिली, पोरंबाळं झाली. मग गावाला पुरावाच मिळाला. घर तेच, खोली तीच, सासू तीच — हिला कसं काही होत नाही? म्हणजे पहिली सोंगाडीच होती. हे मी केलं. आधी तिला आजारी पाडलं, मग खोटारडी ठरवली. दोन्ही माझ्याच हाताने, आणि दोन्ही वेळा मजुरी घेतली.

पुढे बरीच वर्षं गेली. घरोघर टीव्हीचे अँटिने दिसायला लागले होते. वर्धेला लागून सिंदी मेघेत नवीन घरं होत होती, मला तिथे रंगाचं काम मिळालं. अंजनाला घेऊन गेलो होतो. परतताना वर्धेच्या बस स्टँडवर एक बाई समोर आली.

"काकू, ओळखलं का? तुमाले चहा देल्ला होता मी."

मंदा. कानाजवळ केस पांढरे. बालवाडीत शिकवते म्हणाली, भावाकडे राहते. पुन्हा लग्न झालं नाही. सोंगाडीला कोण करणार? अंजनाचा हात तिने धरून ठेवला. मला म्हणाली, "भाऊ, तुमचा थो कागद लय सुंदर होता. त्या घरात थेवढंच आवडे मले." मग हसली आणि अंजनाला म्हणाली, "पण काकू, त्या खोलीत पाय ठेवला का डोकं गरगरे. माहेरी काईच नाई. आता तर मलेच वाटते, मी खरंच सोंग करत असन का?"

मी म्हटलं, "चल, गाडी लागली."

अंजना घरी आली, हातपाय धुतले, स्वयंपाकघरात बसली. मी जेवण मागितलं तर म्हणाली, "बसा अगोदर. त्या खळीत काय टाकलं होतं?"

मी म्हटलं, मोरचूद.

"खळ मी शिजवली होती. माया खळीले त्या खोलीसारखा वास नोता. कागद काढाले गेले तवा तोंडाले फडकं काऊन बांधलं? मले दारातून काऊन हाकललं?" आवाज चढलेला नव्हता. म्हणाली, "खरं सांगा. काई असन तर सकाळच्या गाडीनं दोघंबी जाऊ. तिले सांगू. थे पोरगी स्वतःलेच खोटी समजून राह्यली हो. तुमाले जेल झाली तर मी रोज डबा आणीन."

असं कोण बोलतं? सांगा ना. दार उघडून धरलं होतं तिने. मला फक्त हो म्हणायचं होतं.

मी उठलो, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "तुझी आण. मोरचूदाशिवाय काई नोतं."

खोटी शपथ ज्याच्या डोक्यावर घेतली, त्याचा जीव घेते म्हणतात. अंजना त्यानंतर खूप वर्षं जगली. शेवटी छातीत कफ, श्वास पुरेना, माझ्याकडे पाहत गेली. एवढ्या वर्षांनी लागते का शपथ? मला माहीत नाही. मी भितो. वाटतं, आता तिथे तिला सगळं दिसत असेल. मंदा आहे की गेली, तेही मी कोणाला विचारलं नाही. गेली असेल याची भीती नाही वाटत. जिवंत असेल याची वाटते.

मंदा सोंग करत नव्हती. ती खरंच आजारी होती. औषध मी टाकलं होतं.

आणि त्या दिवशीचं राहिलंच. शपथ घेतल्यावर अंजनाचा चेहरा मोकळा झाला. तिने डोळे पुसले, खाली वाकून माझ्या पायांना हात लावला. म्हणाली, "मले माफ करा. मी तुमच्यावर कसा शक घेतला वो?"

मी म्हटलं, "जाऊ दे. वाढ आता."

तिने वाढलं. मी जेवलो.