वरलं वारं

पळसदेवला धरणाच्या फुगवट्याच्या पाण्याला लागून एका हॉटेलवाल्यानं नऊ खड्ड्यांचं गोल्फचं मैदान केलं, तेव्हा वरकुट्याच्या सिंधुबाईला तिथं गवत निंदायचं काम मिळालं. दोन वर्षं उकिडवं बसून तिचे गुडघे कामातून गेले. बसलं की उठवत नव्हतं. खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहायचं काम मिळालं तर निदान चालता येईल, म्हणून ती मॅनेजर दादासाहेबांच्या मागं लागली.

दादासाहेब म्हणाले, "पिशवी गाढवबी वाहतंय. कुठली काठी द्यायची ते कळाय पायजे."

"बघून बघून कळलंय की."

"मग उद्या पुण्याच्या मेहजबीन मॅडम येत्यात. त्या व्हय म्हणल्या तर तू व्हय."

आषाढाचं वारं सुटलं होतं. मेहजबीन मॅडम दातांच्या डॉक्टर, बोलायला मऊ, पण खेळाच्या बाबतीत कडक. पहिल्या दोन खड्ड्यांना झाडांचा आडोसा होता, तिथं काही बिघडलं नाही. तिसरा उघड्यावर. चेंडू पूर्वेला मारायचा आणि खड्ड्यामागं लगेच पाणी. सिंधुबाई म्हणाली, "मॅडम, वरलं वारं हाय."

मॅडमनी मान हलवली आणि चेंडू जमिनीलगत हाणला. पाठीवर वारा घेऊन तो सरपटत खड्ड्याच्या पुढं गेला नि पाण्यात बुडाला.

"असा सरपटत का मारला?"

"तुम्हीच म्हणालात ना, वर वारा आहे? म्हणून खालून मारला."

सिंधुबाईनं मावळतीकडं हात केला. मग म्हणाली, "वरलं म्हंजी मावळतीचं, मॅडम. नदी तिकडनं येती की. उगवतीचं ते खाललं. आमी असंच म्हणतो."

"मग मावळतीचं म्हणायचं."

"म्हणते."

पुढचे दोन खड्डे मॅडम स्वतःच्याच अंदाजानं खेळल्या. सहावा थेट पश्चिमेला होता, वारा तोंडावर. मॅडमनी सात नंबरची काठी मागितली. सिंधुबाईनं पाच नंबरची काढली.

"ही जास्त लांब जाईल."

"जाऊ द्या. पर जोर निम्मा लावा. जोरात हाणला की चेंडू वर चढतोय, अन् वर गेलेलं सगळं वाऱ्याचं. तिवईवर उभं राहून ज्वारी उफणलीया म्या वीस वर्षं. हात हालका ठेवला की दाणा पायापाशी पडतो. झटका दिला की दाणाबी भुसाबरोबर शेजारणीच्या खळ्यात."

"शेजारीण परत द्यायची का?"

"छ्या. तिच्या कोंबड्या तयारच असायच्या."

मॅडम हसल्या. चेंडू उजव्या पायाजवळ येईल अशा उभ्या राहिल्या आणि काठी हळू फिरवली. तो बुटका उडाला, वाऱ्याखालून गेला आणि खड्ड्यापासून चार पावलांवर थांबला. उरलेल्या तीन खड्ड्यांना काठी सिंधुबाईनंच निवडली.

परतल्यावर दादासाहेबांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "एक चेंडू हिच्यामुळं गेला. पण शेवटचे चार खड्डे इथं मी इतके चांगले कधी खेळले नव्हते. उद्या सकाळी हिलाच पाठवा."

त्या गेल्यावर दादासाहेब म्हणाले, "जा. खुरपं झाडलोटीच्या छबूबाईकडं दे. उद्यापासनं तुझं निंदायचं काम तिला."

"तिचं गुडघं माझ्याहून खराब हायती, साहेब."

"मग काय करू? गवत थांबतंय व्हय?"

सिंधुबाईनं खुरप्याची माती पदराला पुसली. मग खुरपं घेऊन छबूबाईकडं गेली.