काळ्या मातीचा नकाशा

पहिल्याने क्षमा मागतो. मी अजून कॉलेजात शिकतो आहे, माझ्या घराण्यात माझ्याआधी कोणी अक्षर गिरवलेले नाही, आणि वर्तमानपत्रात लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असे मला वाटत नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचे ते माझे शिक्षक होते आणि ते आता नाहीत. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, हे मलाही आईने शिकवले आहे. तरी लिहितो. दीड महिन्यापूर्वी याच पत्रात रघुनाथपंत मास्तर अमरावतीस पटकीने वारल्याची बातमी आली. पुण्याच्या खाणावळीत मी पानावर बसलो होतो, शेजारच्याने ती मोठ्याने वाचली. माझा घास थांबला नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण थांबला नाही हे खरे. पुढे दोघा-तिघा गृहस्थांनी मास्तरांविषयी आपल्या पत्रात लिहिले. विद्यार्थ्यांस ते पुत्राप्रमाणे वागवीत, असे एकाने म्हटले आहे. ते वाचून मी पत्र घडी करून ठेवले, आणि पुन्हा उघडले... पुत्राप्रमाणे. अकोल्याच्या शाळेत मी तीन वर्षे त्यांच्या हाताखाली होतो. मी पाहिले ते निराळे होते, आणि ते दुसरे कोणी लिहील असे दिसत नाही.

आमचा मळा अकोल्यास मोर्णेच्या काठी आहे. वांगी, मिरच्या, मेथी, थोडी शेवंती, असे पिकवायचे आणि बाजारात बसून विकायचे, एवढेच आमच्या लोकांना ठाऊक. मला शाळेत घातले ते एका ओळखीच्या कारकुनाच्या सांगण्यावरून. पहिल्या दिवशी मास्तरांनी एकेकाला उभे करून नाव आणि बापाचा धंदा विचारला. मी सांगितला. त्यांनी मान वर न करताच म्हटले, "माळ्याचा काय? बरे झाले. पाणी घालायला कोणी तरी हवेच होते." सगळा वर्ग हसला. मीही हसलो, कारण ते कशाविषयी बोलत होते ते मला कळले नव्हते.

ते नकाशाविषयी बोलत होते. मास्तर मूळचे कोकणचे. तिकडच्या शाळेत त्यांनी अंगणात तांबड्या मातीचा हिंदुस्थान केला होता आणि त्याची वरिष्ठांनी फार वाखाणणी केली होती, हे आम्ही त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले की तो नकाशा आम्हीच पाहिला आहे असे वाटू लागले. अकोल्यासही त्यांनी दर वर्षी दिवाळीनंतर तसाच घालायला सुरुवात केली. शाळेच्या मागच्या अंगणात दहा हात लांब हिंदुस्थान, हिमालय गुडघ्याएवढा, सह्याद्री वीतभर, नद्या बोटाने कोरून त्यांत निळीचे पाणी. माती आमच्याच मळ्यातली, मीच डोक्यावरून आणायचो. उजळणी सगळी या नकाशाभोवती होई. आम्ही कडेने उभे, मास्तरांच्या हातात सागाची लांब काठी. काठी जिथे टेकेल तिथले नाव काठी उचलायच्या आत म्हणायचे. तापी, पूर्णा, वर्धा, पैनगंगा... चुकला की तीच काठी पोटरीवर. काठी टेकून झाली की प्रश्न. प्रांतात काय पिकते, लोक कोण, व्यापार कशाचा. वऱ्हाडचा कापूस कोठे जातो, याचे पुस्तकातले उत्तर असे होते की बैलांवर लादून मिरजापुरास, गंगेच्या काठी. आम्ही ते म्हणत असता शाळेमागून आगगाडीची शिटी ऐकू येई. एकदा आमच्यातला नामदेव, कापडवाल्याचा मुलगा, भारी धीट, म्हणाला, "मास्तर, ते बैल आता गाडीत बसून मुंबईले जाऊन राह्यले जी." मास्तरांनी त्याच्याकडे नुसते पाहिले. "परीक्षेत मिरजापूर लिही," ते म्हणाले, "आणि मुंबई म्हणायची हौस असेल तर स्टेशनावर जाऊन हमालांना सांग."

त्यांना काहीच येत नव्हते असे मी म्हणणार नाही, तेवढा अप्रामाणिक मी नाही. ज्या वर्षी कापसाचा भाव चढू लागला आणि वऱ्हाडातला जो तो मिरची उपटून सरकी पेरू लागला, त्या वर्षी ते एकदा नकाशा सोडून पावले मोजीत अंगणाच्या टोकाला गेले आणि निंबाखाली एक धोंडा ठेवला. "ही अमेरिका," ते म्हणाले. "इथे लढाई चालली आहे, म्हणून इथला कापूस विलायतेस जात नाही, म्हणून तुमचा जातो. तुमच्या बापांनी काही एक पराक्रम केलेला नाही. इथे माणसे मरतात म्हणून तिथे पागोट्याला जरीचा काठ लागतो." त्याच महिन्यात माझ्या बाने नवे जरीचे पागोटे घेतले होते आणि मी ते कौतुकाने वर्गात सांगितले होते. त्या दिवसापासून मला बाचे पागोटे नीट बघवेना. जे शिकवले ते खरे होते. पण तेच खरे सुईसारखे टोचल्याशिवाय त्यांना शिकवता येत नसे.

आता मूळ गोष्ट. आमची काळी माती कोकणच्या मातीसारखी नाही. पावसात ती फुगते, उन्हात आकसते, आणि फाल्गुन लागला की तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. वऱ्हाडात हे शेंबड्या पोराला ठाऊक असते. मास्तरांना तीन वर्षांत ठाऊक झाले नाही. दर वर्षी थंडी संपली की त्यांचा हिंदुस्थान तडकायचा, आणि दर वर्षी ते म्हणायचे की मुलांनी माती नीट मळली नाही. तिसऱ्या वर्षी मी धीर केला. त्या वर्षी मला धीर करणे भागच होते. परीक्षेला शाळाखात्याचे डिपुटी साहेब यायचे होते, आणि ते ज्याला निवडतील त्याला पुढे शिकायला सरकारची स्कॉलरशिप होती. बाला मळ्यात हात हवे होते, कारण आता आमच्याकडे सगळ्याच वांग्यांच्या जागी कापूस आला होता. स्कॉलरशिप मिळाली तर शीक, नाही तर कापूस वेचायला ये, असे त्याने मला स्पष्ट सांगितले होते. वर्गात माझा नंबर पहिला होता. साहेब नकाशावरूनच प्रश्न विचारणार, तेव्हा नकाशा धड असावा एवढेच माझ्या मनात होते. म्हणून नवी माती आणली त्या दिवशी मी म्हटले, "मास्तर, हे काळी नुसती घेतली का फाटते जी. पानी पेते तं फुगते, वाळली का आकसते. आमच्या धाब्याले बा दोन पाट्या पांढरी घेते, एक पाटी काळी, अन् कुटार तीन दिवस भिजू घालते. मंग भेग नाई पडत."

पांढरी म्हणजे गावठाणातली माती, आणि कुटार म्हणजे आमच्याकडचा भुसा. धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची, घरे त्यानेच लिंपतात. मास्तरांनी सगळे ऐकून घेतले. मला वाटले, ऐकले. मग त्यांनी माझी नक्कल केली, हुबेहूब, हात हलवून. "'धाब्याले'... 'कुटार'... 'भिजू घालते'... अरे, आधी माणसासारखे बोलायला शीक, मग मास्तराला माती शिकव!" आणि हात पुढे करायला सांगून तीन छड्या मारल्या. दोन भाषेच्या आणि एक मातीची, असे त्यांनी वर्गाला समजावूनही सांगितले. नकाशा नुसत्या काळीचाच झाला. भेगा पडू लागल्या तेव्हा त्या बुजवायचे काम माझ्याकडे आले, याला फार कळते म्हणून. रोज सकाळी शाळा भरण्यापूर्वी शेणकाला करून मी हिंदुस्थान बुजवत असे आणि दुपारी तो पुन्हा तडके. एक भेग सातपुड्यातून निघून वऱ्हाडच्या मधोमध खाली निजामाच्या मोगलाईत जायची, ती काही केल्या जाईना. आजही पुण्यास परीक्षेत तापीचे खोरे काढायचे झाले की मला नदी आठवत नाही, ती भेग आठवते, आणि तिच्या अंदाजाने मी नदी काढतो.

साहेब चैत्रात आले. आदल्या दिवशी मी तीनदा भेगा भरल्या होत्या. साहेबांनी काठी घेतली, नकाशाकडे पाहिले आणि विचारले, "ही कोणती नदी?" ती तीच भेग होती. साहेब हसले, पण मास्तर पांढरे पडले. नंतर त्यांनी माझ्याकडे बोट केले. "या मुलाकडे नकाशाची देखरेख दिली होती. माळ्याचा आहे, पाणी किती घालावे हे त्याला माझ्याहून चांगले कळते. याने मुद्दाम दुर्लक्ष केले. छडी खाल्ल्याचा राग, दुसरे काय." साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "का रे?" त्यांचा स्वर कठोर नव्हता. त्यांनी खरोखर विचारले होते. माती का फाटते ते सगळे माझ्या जिभेवर होते, पण 'धाब्याले' म्हणू की 'धाब्याला', एवढ्यातच मी अडकलो आणि शेवटी तोंडातून निघाले, "म्या नाई केलं जी." मागून कोणी तरी फिसकन हसले. साहेबांनी पुढच्या मुलाला प्रश्न विचारला. स्कॉलरशिप एका तहसीलदाराच्या भाच्याला मिळाली. मुलगा वाईट नव्हता, त्याच्यावर माझा राग नाही.

घरी गेलो तर बा आखाड्यात, म्हणजे मळ्यातल्या खोपटापाशी, बसला होता. "काहून रे, काय म्हने साहेब?" त्याने विचारले. मी म्हटले, "काही नाई." "मंग उद्या येजो वावरात," एवढे म्हणून तो उठला. त्यापुढे मी दीड वर्ष कापसात राहिलो. बोंडाच्या टोकांनी बोटे चिरायची. बायका हसायच्या की, "इस्कूलचा साहेब पाहा, कसा वेचून राह्यला!" मी मनातल्या मनात उजळणी करीत असे, तापी, पूर्णा, वर्धा... आणि प्रत्येक नावाबरोबर मास्तरांचा आवाज येई, तो काही मला बंद करता आला नाही. मग निंबाखालची लढाई संपली. भाव असा उतरला की वेचलेला कापूस घरात पडून राहिला आणि गावातली जरीची पागोटी पेटीत गेली. बाने पुन्हा वांगी लावली. एक दिवस मोट थांबवून तो म्हणाला, "कापूस गेला. आता तू बी जाय. शीक काय शिकतं ते." मी शाळेत परत गेलो तेव्हा मास्तरांची अमरावतीस बदली झाली होती. नव्या शिक्षकांनी मला प्रवेशपरीक्षेस बसवले. म्हणजे मी इथे आलो तो रघुनाथपंतांच्या आशीर्वादाने नव्हे, कापूस बुडाल्यामुळे, आणि हे मला त्या 'पुत्राप्रमाणे' म्हणणाऱ्या गृहस्थांना नम्रपणे सांगायचे आहे.

लेख इथेच संपवणार होतो. मास्तरांना पुन्हा भेटण्याची माझी इच्छा होती, हेही कबूल करतो. दर सुटीत अकोल्यास जाताना मनात येई की बडनेऱ्यापर्यंत जावे, अमरावतीस उतरावे आणि शुद्ध पुणेरी भाषेत त्यांना सांगावे की काळी माती का फाटते. वाक्य तयार होते. अनेकदा घोकले होते. एकदा तिकीटही काढले आणि अकोल्यालाच उतरलो. आता ते वाक्य कुणाला सांगायचे हा प्रश्न उरला, आणि म्हणूनच कदाचित हे लिहायला बसलो.

पण परवा नामदेवाचे पत्र आले. तो कापडवाल्याचा मुलगा आता अमरावतीच्या शाळेत दुय्यम मास्तर आहे आणि रघुनाथपंतांच्या पश्चात भूगोलाचा वर्ग त्याच्याकडे आला आहे. माझ्या मनात काय चालले आहे हे त्याला ठाऊक नाही. त्याने आपले नव्या कामाचे वर्तमान म्हणून लिहिले आहे. शाळेच्या पडवीत मास्तरांनी घातलेला हिंदुस्थान अजून तसाच आहे, चार वर्षांत त्याला केसाएवढी भेग नाही. सागाची काठी भिंतीला टेकवलेली आहे, ती हातात घ्यायला त्याला अजून संकोच वाटतो. मास्तरांची उजळणीची वहीही त्याला मिळाली. तीत वऱ्हाडच्या पानावर, मिरजापूर खोडून मुंबई केले आहे त्याच्या खाली, पुस्तकात नसलेला एक प्रश्न मास्तरांच्या सुरेख वळणदार अक्षरात आहे. तो त्याने गंमत म्हणून उतरून पाठवला. 'या प्रांतातील काळी माती का तडकते व तिचा नकाशा करणे झाल्यास काय करावे? उत्तर: पाणी पिऊन ती फुगते व वाळून आकसते, म्हणून तडकते. सबब दोन पाट्या पांढरी, एक पाटी काळी, व तीन दिवस भिजवलेले कुटार, असे घेऊन मळावी.'

नामदेव लिहितो की पहिल्याच दिवशी त्याने हा प्रश्न वर्गाला विचारला, तर सगळी मुले एका दमात उत्तर म्हणाली, तापी-पूर्णा म्हणताना सुद्धा अशी म्हणत नाहीत. त्याला नवल वाटले. एवढे हेच कसे रे पाठ, म्हणून त्याने पुढच्या बाकावरच्या मुलाला विचारले. तो म्हणाला, "बाकी कायबी चुकलं तं मास्तर एक छडी मारे जी. हे चुकलं का तीन."