टाकीवरची खळी

डिझाइन विभागात त्याला सगळे मातीराव म्हणत. बाकीचे लोक पडद्यावर रेघा ओढत आणि हा कोपऱ्यात, भट्टीत गरम करून मऊ केलेली तपकिरी माती लाकडी सांगाड्यावर थापून पोलादी पट्टीने तासत बसे. नवी मोटारसायकल लोखंडात उतरण्याआधी त्याच्या मातीत उभी राहायची. हात सोन्याचा, पण काळीज सशाचं. कुणी नुसतं "जरा इकडे या" म्हटलं तरी हा आधी आपलं काय चुकलं ते आठवायला लागे. घरातून निघताना कुलूप ओढून बघायचा, कोपऱ्यापर्यंत जायचा आणि पुन्हा ओढून बघायला परत यायचा. असा माणूस आयुष्यात एकदाच गाफील राहिला आणि नेमका तिथेच फसला.

झालं असं, की कंपनीला आपली जुनी क्रूझर पुन्हा बाजारात आणायची होती. एके काळी काही वर्षं ती निघत असे. लांबलचक, बुटकी गाडी. रुंद सीट, उंच हँडल, पुढे ताटाएवढा गोल दिवा, तारांची चाकं आणि पुढे फुगीर, मागे निमुळती होत गेलेली टाकी. तिच्यावर कुणी वाकून बसत नसे, ऐसपैस रेलून बसायचं आणि रस्त्याला वाटेल आपण मालक आहोत. पुढे कमी पेट्रोल पिणाऱ्या हलक्या गाड्या आल्या, लोक हिशेबी झाले आणि ती बंद पडली. कारखाना हलला तेव्हा तिचे नकाशेही रद्दीत गेले. आता आत नवं इंजिन घालून वरून जुनं रूप द्यायचं, तर जुनं रूप आणायचं कुठून? जुने फोटो होते, पण त्यांत गाडी कमी आणि हार घातलेले साहेब जास्त.

"आमच्या सासऱ्यांकडे आहे एक," मातीराव बोलून गेला. बोलला आणि लगेच घाबरला.

सासरे जुन्या कारखान्यात गाड्या जोडायच्या कामावर होते. आता लेकीकडेच राहत. त्यांची क्रूझर घराशेजारच्या बोळात, डावी बाजू भिंतीला चिकटवून, आच्छादनाखाली उभी असे. "मापं घ्यायची तर इथेच घ्या. गाडी जागची हलणार नाही," त्यांनी बजावलं. म्हातारा तसा गरीब, पण या गाडीचा विषय निघाला की त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

मातीरावाला त्याची अडचणही वाटली नाही. त्याच्या धंद्यातली रीतच अशी, की मातीत गाडीची एकच बाजू घडवायची. माणसाच्या हाताला दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या जमत नाहीत, म्हणून दुसरी बाजू यंत्र पहिलीवरून, आरशात दिसावी तशी कापून देतं. त्याने समोर दिसणाऱ्या उजव्या बाजूची मापं घेतली. टाकीवर, बसणाऱ्याचा गुडघा येतो तिथे, एक हलकासा खोलगट भाग होता. तोही त्याने जसाच्या तसा मातीत उतरवला.

मोठ्या साहेबांनी मातीवरून तळवा फिरवला आणि त्या जागी तो थांबला. "काय खळी आहे हो! जुनी माणसं गुडघ्याचाही विचार करायची." तेव्हापासून ती खळी सगळ्यांची लाडकी झाली. साचे झाले, पत्रे ठोकले गेले, दोन्ही बाजूंना खळी असलेल्या टाक्या रंगून बाहेर पडू लागल्या.

आणि मग घरी बोळातला नळ फुटला. नळवाल्याला भिंत फोडायची होती, गाडी हलवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सासऱ्यांनी कुरकुरत परवानगी दिली. कित्येक वर्षांनी डावी बाजू उजेडात आली, म्हणून मातीरावाने फडकं घेतलं आणि धूळ पुसायला लागला. टाकीवरून हात फिरला, पुन्हा फिरला. डावीकडे खळी नव्हतीच. टाकी सरळ, गुळगुळीत, कारखान्यातून आली तशी.

त्याने सासऱ्यांना बोळात बोलावलं.

"बाबा," त्याने विचारलं, "उजवीकडे जे आहे, ते..."

"पोचा आहे तो," सासरे म्हणाले. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, लेक आत आहे ना याची खात्री केली. "जावईबापू, ती जिन्यावरून नाही पडली. पुढे टाकीवर बसवून फिरवायला नेली होती मी तिला. वाळूवरून चाक घसरलं. गाडी दगडावर आणि पोरीचा पाय मध्ये. पोचा ठोकून वर काढला मी, पण पाय..."

मातीरावाची बायको उजव्या पायाने किंचित लंगडते. लहानपणी जिन्यावरून पडली, हे त्याने लग्नाच्या बोलणीत ऐकलं होतं आणि नंतर कधी विचारलंही नव्हतं.

"मग चांगली बाजू भिंतीला का लावलीत? लोक तर उलटं करतात."

"मला तो रोज दिसायला हवा होता," सासरे म्हणाले. "पण तिला कळू देऊ नका. तेवढं करा माझ्यासाठी."

मातीराव त्या दिवसापासून झुरायला लागला. साहेबांना सांगावं, तर पोचा कसा पडला हे सांगावं लागणार, आणि ती गोष्ट फिरत फिरत घरी येणार. न सांगावं, तर म्हाताऱ्याचा तो एक पोचा आता दुप्पट होऊन गल्लोगल्ली फिरणार. इकडे आड, तिकडे विहीर. त्याला जेवण जाईना. बायको म्हणाली, "अहो, गाडी तुम्ही बनवलीत की गिळलीत?" तो हसलाही नाही.

त्यात दुष्काळात तेरावा महिना. जाहिरात विभागाला खळीची कल्पना भलतीच आवडली. गाडीच्या अनावरणाला जुन्या कामगाराने व्यासपीठावर येऊन त्या खळीबद्दल दोन शब्द बोलावेत, असं ठरलं. मातीरावाने नाना सबबी सांगितल्या. त्यांची तब्येत, त्यांचे कान, त्यांचा तापट स्वभाव. साहेब म्हणाले, "अहो, आजोबांचा मान आहे हा!" घरी बायकोने बाबांचा सदरा इस्त्री केला आणि आपली चांगली साडी काढली. सासऱ्यांनी तो सदरा चढवला.

सभागृह भरलं होतं. बायको पहिल्या रांगेत बसली, मातीराव तिच्या शेजारी, रुमाल पिळत. कापड बाजूला झालं, टाळ्या पडल्या. निवेदिकेने माईक सासऱ्यांच्या हाती दिला. "आजोबा, ही खळी तुमच्या काळी खास गुडघ्यासाठी केली होती ना? सांगा ना आम्हाला!"

म्हातारा गाडीजवळ गेला. उजवीकडे हात लावला, मग वळसा घालून डावीकडे. तिथेही तेच लागल्यावर त्याचा चेहरा असा झाला, की मातीरावाला मेल्याहून मेल्यासारखं वाटलं. हे आधी सांगायची आपली हिंमत झाली नाही, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

"आमच्या कारखान्यात अशी टाकी कधी निघाली नाही," सासरे माईकमध्ये म्हणाले. "हा पोचा आहे. माझ्या हातून गाडी पडली. माझी मुलगी टाकीवर बसली होती. जिन्याचं मी सगळ्यांना खोटं सांगितलं. तिलाही."

साहेबांचा चेहरा पडला. मातीरावाने डोळे मिटून घेतले. नोकरी, सासरा, संसार, सगळं एकदमच गेलं असं त्याला वाटलं. डोळे उघडले तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. बायको लंगडत पायऱ्या चढत होती.

तिने बापाच्या हातातला माईक काढून निवेदिकेला दिला. "मला माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "टाकीवर मीच तर बसले होते. तुम्ही जिना म्हणायचात, तुम्हाला बरं वाटायचं, म्हणून मीही जिना म्हणत आले."

म्हातारा लहान पोरासारखा रडायला लागला. तिने त्याला दंडाला धरून उभं ठेवलं आणि त्या नव्या गाडीकडे नीट पाहिलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि मग खाली बसलेल्या नवऱ्याकडे वळली.

"अहो," ती म्हणाली, "दोन्हीकडे कशाला? माझा पाय एकच मोडला होता."