न ऐकताच दिलेली शाबासकी

इंद्रजीत गजभिये यांच्या वर्गात ‘व्हेरी गुड’ हे दोन शब्द सहजासहजी पदरात पडत नसत. ते दिले जात, ते ऐकून, पारखून, आणि बहुतेक वेळा दिलेच जात नसत. मुले कुरकुरत. गजभिये सरांना त्याचे काही वाटत नसे. न ऐकता दिलेली शाबासकी म्हणजे न पाहता मारलेला शिक्का, असे ते मानत. आणि तसल्या शिक्क्यांवर चाललेला देश त्यांनी पन्नाशी ओलांडेपर्यंत पुरेसा पाहिला होता.

हिंदी मुलखातल्या त्या शहरात, बूढ़ापारा या जुन्या मोहल्ल्यातल्या एका अरुंद गल्लीत, भांड्यांच्या दुकानावर, हा शिकवणी-वर्ग होता. ज्ञानदान हा शब्द त्याच्या पाटीवर होता. जिना चढून गेल्यावर तो कुठे आढळत नसे. मालक प्रफुल्ल हा एके काळी सरांचाच विद्यार्थी. एकांतात सर त्याला ‘तू’ म्हणत आणि कार्यालयातल्या माणसांसमोर ‘तुम्ही’. ही तडजोड त्यांना कोणी शिकवली नव्हती. पगारदार माणसाला ती आपोआप येते.

दिवसभर ते स्पर्धा परीक्षांच्या मुलांना उत्तरे ओळखण्याच्या युक्त्या सांगत आणि घसा कोरडा करून घेत. शिकवणे असे जे काही त्यांच्याजवळ उरले होते, ते संध्याकाळच्या एका तुकडीपुरते. त्यात बहुतेक मुली गुढ़ियारी वस्तीतल्या, हमालांच्या, फेरीवाल्यांच्या. सर स्वतःही गुढ़ियारीचेच. वडील नत्थू भंडाऱ्याकडून येऊन रेल्वेत लागले, आणि मुलगा इंग्रजीत एम. ए. झाला तेव्हा त्यांनी पाऱ्यातल्या घरोघरी पेढे वाटले. त्या पेढ्यांचे पुढे काय झाले, हे विचारायला ते आता हयात नव्हते, एवढे बरे.

त्या तुकडीत सरांचा एक धडा आठवडेच्या आठवडे चाले. बदल सांगणारी इंग्रजी क्रियापदे : बिकम, गेट, टर्न, ग्रो, गो, फॉल. मुली सगळीकडे ‘बिकम’ ठोकून मोकळ्या होत.

“दूध बिघडलं तर काय म्हणाल?”

“मिल्क बिकम खराब, सर.”

“आणि तुमची आई काय म्हणते?”

“दूध खराब हो गया.”

“आजी?”

मुली एकमेकींकडे पाहत. मग मागून कोणीतरी म्हणे, “नासलं.”

“हं. दूध नासतं, वरण विटतं, पीठ आंबतं, लोखंड गंजतं. आजीजवळ प्रत्येक बिघाडाला वेगळा शब्द होता. तुम्ही एका ‘खराब’मध्ये सगळा संसार गुंडाळला. इंग्रजीही विचारते, बदल कसा झाला? हळूहळू, तर ग्रो. एकदम कोसळल्यासारखा, तर फॉल. बहुधा वाईटाकडे, आणि परतायची वाट नाही, तर गो. पाहिल्याशिवाय शब्द निवडता येत नाही.”

म्हणून रोज तास सुरू होताना त्यांचा एकच प्रश्न असे : “आज घरी काय बदललं?” प्रत्येकीने एक वाक्य सांगायचे. सर ऐकत, मग विचारत : केव्हापासून, कसे, कोणामुळे. तेव्हा कुठे क्रियापद पसंत होई.

साक्षी डोंगरे ही मालधक्क्यावर पोती वाहणाऱ्या हमालाची मुलगी. एकदा तिने सांगितले, “माय फादर गेट्स टायर्ड.”

“गेट्स की ग्रोज? हळूहळू थकताहेत का?”

“नहीं सर, रोज़ पूरे थकते हैं. फिर सुबह नए हो जाते हैं.”

वर्ग हसला. सरांनाही हसू आले. “मग ‘गेट्स’च बरोबर. व्हेरी गुड.” ती शाबासकी साक्षीने घरी जाऊन आईला सांगितली होती म्हणे.

या वर्षी प्रफुल्लने सगळे धडे चित्रित करायचे ठरवले. सरांना त्याने आपल्या खोलीत बोलावून खुर्ची दिली. खुर्ची दिली की काहीतरी काढून घेणार, हे सरांना ठाऊक होते.

“सर, बाकी सगळे बॅच स्क्रीनवर. तुमची संध्याकाळची तुकडी मात्र तुमच्याजवळच. फक्त रेकॉर्डिंग फर्स्ट क्लास द्या. ते जमलं नाही, तर मले दुसरा माणूस पाहावा लागन, मग तुकडीबी त्याचीच.”

सरांनी होकार दिला. ती तुकडी गेली असती तर त्यांच्या दिवसात नुसता घसा उरला असता.

दुपारच्या उकाड्यात, पंखा बंद करून चित्रण सुरू झाले. पंख्याचा आवाज येतो म्हणे. मागे हिरवा पडदा, समोर कॅमेरा. सर सवयीने म्हणाले, “आज घरी काय बदललं? सांगा.” आणि थांबले.

“सर, काहून थांबले?” प्रफुल्लने कॅमेऱ्यामागून विचारले.

“उत्तराची वाट पाहतो आहे.”

“कोणाच्या? कॅमेऱ्याच्या?”

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा ते थांबले. इतक्या वर्षांची मान, प्रश्न विचारला की आपोआप बाजूला कलायची. शेवटी प्रफुल्लने तोडगा काढला.

“असं करा, थोडं थांबा, मंग म्हणा ‘व्हेरी गुड’. पोट्ट्यांना वाटते, सरनं आपलं ऐकलं.”

“आणि उत्तर चूक असेल तर?”

“चूक असली तरी घरी बसून खूश तं होईल ना, सर! फीस कोण भरते, व्याकरण का पोट्टा?”

सरांच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. वाद घालायला लागणारा राग त्यांच्याजवळ पूर्वी असे. आता त्याची जागा थकव्याने घेतली होती, आणि थकवा फार आज्ञाधारक असतो. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिले, थांबले, आणि म्हणाले, “व्हेरी गुड.”

घरी आल्यावर पत्नी मीनलने चहा पुढे ठेवला. “काहून गप्प गप्प? तुकडी राहिली ना तुमची?”

“राहिली.”

“मंग?”

“कोणी बोललंच नाही, आणि मी शाबास म्हणालो.”

“एवढंच? आमच्या हापिसात तं रोज तेच चालते,” ती म्हणाली आणि भाजी निवडू लागली.

चित्रण उत्तम उतरले. इतके, की प्रफुल्लने संध्याकाळच्या वर्गातही भलामोठा पडदा लावला. “सर, इतकं मस्त झालं, की आता तुम्हाले तरास काहून द्यावा? तुम्ही खाली ऑफिसमधी बसा. कोणाले शंका आली तर येतील.” दिलेल्या शब्दाची आठवण करून द्यावी, असे सरांना वाटले, पण समोर कार्यालयातली माणसे होती. ते ‘ठीक आहे, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणाले.

पहिल्याच संध्याकाळी खाली शंका घेऊन कोणी आले नाही. सर जिना चढून वर गेले आणि दारामागे उभे राहिले. पडद्यावर ते स्वतः होते, इस्त्रीच्या शर्टात, उजळ.

“आज घरी काय बदललं? सांगा.”

साक्षी सवयीने उठून उभी राहिली. “सर, माय फादर्स राइट हॅण्ड हॅज गॉन नंब.”

“व्हेरी गुड,” पडद्यावरचे सर म्हणाले. “आता पुढे पाहू.”

मुली खळखळून हसल्या. साक्षीही ओशाळून हसली आणि खाली बसली.

“केव्हापासून?” दारातून सरांनी विचारले. कोणाला ऐकू गेले नाही. त्यांचाच आवाज पडद्यावरून त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोलत होता. ते आत गेले आणि त्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले.

“साक्षी, हात केव्हापासून बधिर आहे?”

“दोपहर से, सर. बोले, बोरी का भार है, उतर जाएगा.”

“बोलताना जीभ जड होते का?”

“हव सर, थोड़ी-सी. मम्मी बोली, थक गए हैं.”

“हे थकणं नाही, लकवा असू शकतो. दप्तर उचल. दवाखान्यात न्यायचं आहे, आत्ताच.”

जिन्यात प्रफुल्ल भेटला. “सर, व्हिडिओ काहून बंद केला? पालक लोकं पाहायला आले ना!”

“प्रफुल्ल, बाजूला हो.”

कार्यालयातली माणसे पाहत होती. प्रफुल्लचा चेहरा बदलला. “मंग उद्यापासून नका येऊ,” तो म्हणाला. सरांनी मान हलवली, ऐकले एवढ्यापुरती.

गल्लीत त्यांनी स्कूटर सुरू केली. साक्षी मागे बसली, दप्तर छातीशी धरून. वर कोणीतरी बटण पुन्हा लावले असावे. उघड्या खिडकीतून त्यांचाच आवाज खाली आला : थोडे थांबणे, आणि मग, “व्हेरी गुड.”