कळलेलं पहिलं वाक्य

शिकण्यासाठी आधी पुण्यात राहिले, आता म्हैसूरला आलेय. नव्या शहरात सुरुवातीला भाषा ऐकू येतच नाही, नुसता आवाज वाहत असतो. कन्नड शिकायला घेतलं होतं, तरी दुकानात माझं काम बोट दाखवूनच चालायचं.

परवा दुपारी बसथांब्यावर शेजारच्या बाई फोनवर भावाशी बोलत होत्या. “अप्पा होदरु?” त्यांनी विचारलं. मग पलीकडचं ऐकून घेऊन म्हणाल्या, “अम्माला इतक्यात सांगू नकोस. मी घरी पोचते, मग सांगते.”

मनात भाषांतर न करता मला कळलेलं ते पहिलं कन्नड बोलणं. कळल्याचा क्षणभर आनंदच झाला, आणि मग अर्थ आत उतरला. अप्पा होदरु, म्हणजे वडील गेले. आपणही तेच म्हणतो. ‘मेले’ हा शब्द उच्चारायचा धीर कुठल्याच भाषेला होत नसावा.

काहीतरी बोलावंसं वाटलं, पण मला येत होते ते शब्द भाजीचे, भाड्याचे, रस्त्याचे. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी घोटभर पाणी घेतलं, पदराने तोंड पुसलं आणि दुसरा फोन लावला.

“अम्मा, ऊटा आयिता?” आई, जेवलीस का? आवाज अगदी रोजचा होता. “अजून नाही? मग बस बघू आधी जेवायला. मी येतेच आहे. सहजच गं.”

एकदा अप्पांचं कळलं की त्या घरात आज कुणी जेवणार नव्हतं. पलीकडून आई बहुधा काय रांधलंय ते सांगत होती. बस आली, गेली. त्या हुंकार देत ऐकत राहिल्या.