दादाची दारू सोडवणारे

दादाची दारू सोडवायला आम्ही काय काय नाही केलं! डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावर, विहिरीवर बायकांचा तोच विषय: कोणाचा उपाय चांगला, कोणाचा महाग. टिकलं किती, ते सणांवर आणि शेतीच्या कामांवर मोजायचं. "आमच्याचं भगताकडनं गणपतीपर्यंत टिकलं." "आमचा तर लावणीलाच घसरला गो!" मला मेलीला ते ऐकून चैन पडत नसे. हंडा अर्धा भरला की मी निघायचे.

आमच्या भगताने कोंबडा घेतला आणि दादाला देवापुढे शपथ घातली. सगळ्यात स्वस्त काम. दादा दिवाळीपासून न पिता राहिला, पण शिमग्याला ये रे माझ्या मागल्या. वैशाखरे गावच्या वैदूने कसल्याशा मुळीची पूड दिली, भाजीत चोरून घालायला. दादा ओकून ओकून बेजार झाला. दारू नाही सोडली, घरचं जेवण सोडलं. शेवटी आईने म्हैस विकली आणि त्याला कल्याणपलीकडच्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. मी शहापूरच्या एसटीडी बूथवरून फोन लावायचे, तर पलीकडून एकच: "सुधारतोय." अहो, सुधारतोय म्हणजे काय? जेवतो का? झोपतो का? रडतो का? परतीच्या एसटीत मला एका जागी बसवत नसे.

पावसाळ्याआधी दादा घरी आला. गाल भरलेले, सारखा चहा मागायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, एक घोटही नको, एका घोटावर सगळं परत येतं.

आणि आलं बाबाचं वर्षश्राद्ध. आमच्यात पितरांना मोहाच्या दारूची धार देतात आणि वाटीत उरलेला घोट थोरल्या मुलाने घ्यायचा. काकाने वाटी दादापुढे केली. मी ओरडलेच, "काका, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

"गप बस गो! ही काय दारू हाय? हा पितरांचा परसाद."

सगळ्या पाड्याने माना डोलावल्या. एवढे उपाय तोलून पाहणारी माणसं ती, पण परसादाला कोणी दारूत धरलंच नव्हतं! दादाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. नजर वाटीवरून हलेना. मला वाटलं, गेला हा.

आई उठली. जन्मात थेंब न घेतलेली बाई. तिने काकाच्या हातातली वाटी ओढून घेतली. "थोरला माज्याच पोटातनं आलाय ना? मंग हेबी माज्याच पोटात जाऊ दे." गटकन प्यायली. असा ठसका लागला, की खालीच बसली. दादा तिच्यासाठी पाणी आणायला धावला.